बपेऱ्याची रानमोहरी

शहापूर,
रविवार

प्रिय तृप्ती,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून तू दचकशील, आई आजारी आहे की काय असं वाटेल. तसं काही नाही. माझं बीपी ठीक आहे, बाबा ठीक आहेत, अंगणातला शेवगा शेंगांनी लगडला आहे आणि शेजारच्या रुखमिणीबाई न विचारता तोडून नेत आहेत. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण नेमक्या त्यांच्या भिंतीकडच्याच फांद्या कशा रिकाम्या होतात? असो. फोनवर वीरेंद्रचं नाव निघालं की तू "ठेवते आई" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

मी संशयी आहे हे तुम्ही बापलेक मला इतकी वर्षं ऐकवत आला आहात की आता ते कौतुकच वाटतं. परवा बाबा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगत होते, "आमच्या घरवालीले कॉलेजात कायले घेतलं का मालूम, पोलिसात पायजे होती." पण संशय घेणं हे माझं कामच आहे. काटेधोतऱ्याचं बी मोहरीच्या बियांत टाकलं तर बाजारातला दुकानदारसुद्धा फसतो, आणि त्याचं तेल खाणाऱ्याच्या पायाला सूज येते. दिसण्यावर जायचं नाही, हे मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सांगते. दिघोरीला शाळेत असताना एक बाई "हुशार पोरगी आहे" म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि त्यांच्या घरी गेले की पाणी मात्र माझ्या ओंजळीत वरून ओतायच्या. गोड बोलणाऱ्या माणसाकडे मी तेव्हापासून दोनदा पाहते.

वीरेंद्रकडे तर मी चार वेळा पाहिलं. माझाच विद्यार्थी, दिसायला नीटस, बोलायला अदबशीर, आणि माझ्या घरी झाडं दाखवायला येता येता माझ्या पोरीशी कधी बोलायला लागला ते मला कळलंसुद्धा नाही. हीच गोष्ट मला जास्त लागली. मला कळलं नाही म्हणजे काय? त्याचे वडील बाबूलालजी बपेऱ्याचे किराणावाले. त्यांच्या घरात देवघर, आपल्या घरात बाबासाहेबांची तसबीर. तुम्ही दोघांनी लग्नाचं ठरवून वर्ष होत आलं, पण त्यांच्याकडून बोलणी करायला अजून कोणी आलं नाही. "आई येणार आहे, बाबा येणार आहेत," असं तो सांगत राहिला. कुणी येईना. तू म्हणायचीस, धान कापणी आहे, दुकान आहे. मी म्हणायचे, दुकानाला सोमवारी सुटी असते.

आता रानमोहरीचं क्रमाने लिहिते, म्हणजे तुला मध्ये अडवायला नको. धान निघाल्यावर शेतातल्या बांध्यांमध्ये ओल होती, तेव्हा वीरेंद्रने त्यांच्या घरामागच्या बांधीतून रानमोहरी गोळा केली. दाबून वाळवलेलं आख्खं झाड माझ्याकडे पाठवलं आणि वाळल्या पाना-शेंगांच्या पुड्या तुझ्याकडे पुण्याला, तुझ्या रासायनिक तपासणीसाठी. दिघोरीची रानमोहरी मी माझ्या हाताने गोळा करून तुला आधीच दिली होती. बपेरा आपल्या जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, दिघोरी खालच्या, झाड मात्र एकच. वीतभर उंची, बारीक पिवळी फुलं, शेताच्या कडेला धुऱ्याच्या ओलीत उगवणारं, बैलसुद्धा ज्याला विचारत नाही असं. आणि मग तुझा फोन आला. तू इतक्या जोरात बोलत होतीस की बाबा बाहेरून आत आले. दिघोरीच्या झाडात जे निघायला हवं तेवढंच निघालं होतं. बपेऱ्याच्या झाडात तेही होतं आणि वर सिनिग्रिन, तेही भरपूर.

बाबांनी विचारलं, "म्हंजे झालं काय?" मी अंगणातल्या शेवग्याची मुळी उकरून धुतली आणि त्यांना चावायला दिली. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला शिव्याही मिळाल्या. मग सांगितलं, की हा झणका मोहरीतही असतो. पान किंवा बी शाबूत असेपर्यंत त्यातली ग्लुकोसिनोलेटं गुमान बसलेली असतात. चावलं, ठेचलं की त्याच झाडातलं विकर त्यांना गाठतं आणि तिखट वाफ निघते. शेवगा, पपई आणि मोहरी यांची फुलं शेजारी ठेवली तर कुणी त्यांना नातलग म्हणणार नाही. पण तिघांच्या पोटात हीच संयुगं निघाली म्हणून वर्गीकरणवाल्यांनी ही घराणी जवळ आणली, आणि पुढे डीएनएनेही तीच साक्ष दिली. काटेधोतरा बियांनी कितीही मोहरीसारखा दिसो, त्याच्या आत यातलं काही नाही. तो अफूच्या कुळातला. एकाच घराण्यातही प्रत्येक जातीकडे या संयुगांचा आपापला संच असतो. त्यांतलं सिनिग्रिन ही शेतातल्या, फोडणीतल्या मोहरीची खूण. ती रानमोहरीत निघाली म्हणजे एक तर नवी जात, नाही तर संकर, नाही तर लबाडी. तू पहिलं धरलंस. मी तिसरं धरलं.

का धरलं तेही ऐक. माझ्याकडचा वाळवलेला नमुना मी भिंगाखाली दोन दिवस पाहत होते. फुलं, शेंगा, पानांच्या कातर कडा, सारं साध्या रानमोहरीचं. बाहेर काडीचा फरक नाही आणि आत एवढा मोठा? असं होऊ शकतं, पण मला पटेना. नवी जात निघाली तर शोधनिबंधात तुझ्या नावाशेजारी त्याचं नाव येणार होतं. ज्या मुलाच्या घरचे वर्षभर दार ओलांडून आले नाहीत, त्याला तुझ्या डोळ्यांत मोठं व्हायला हा सोपा रस्ता होता. दुकान घरचं, मोहरीचं पोतं हाताशी. मी तुला फोनवर सांगितलं, "पोरगा चलाख आहे. पुडीत काय मिसळलं ते विचार." तू माझ्यावर चिडलीस, पण विचारलंस. त्याने आधी "बघतो" म्हटलं, आणि दोन दिवसांनी, "माझ्याकडून काही झालं असेल तर माफ कर." एवढंच. तू त्याला कबुली समजलीस, मीही समजले. तुझ्या रडण्याचा आवाज फोनमधून ऐकला, आणि खोटं कशाला सांगू, तुझं वाईट वाटलं तरी आपण बरोबर निघालो याचं आतून समाधानही वाटलं.

पण संशयी माणसाचं एक बरं असतं, त्याला स्वतःच्या समाधानाचाही संशय येतो. म्हणून तुझ्याकडून न उघडलेली एक पुडी परत मागवली. तू काही न विचारता पाठवलीस. ती मी खिडकीशी, पांढऱ्या कागदावर उघडली. आधी पुडीच पाहिली. वर्तमानपत्राची, कडा आत दुमडलेल्या, दोऱ्याचे दोन आडवे-उभे फेरे आणि गाठ अशी की ओढली की सुटते. किराणा दुकानात जन्म गेलेल्या हाताची घडी. आत पानं, शेंगा आणि त्यांच्यामध्ये काळपट, गोल, टपोऱ्या मोहऱ्या. बाई गं, रानमोहरीचं बी खसखशीहून बारीक असतं. तू रसायनवाली, शेंगा दिसल्या, बिया दिसल्या, सारं एकत्र कुटलंस. याबद्दल तू घरी आलीस की आपण वेगळं बोलू.

तर मोहरी सापडली, मी जिंकले. तेवढ्यात कागदावर अजून काही चमकलं. वाटलं, वाळू असेल, धुऱ्यावरची. एक खडा नखाने उचलला आणि जिभेवर ठेवला. खारट. लबाडी करणारा मोहरी टाकेल, त्याला कळतं काय टाकायचं. पण तो मीठ कशाला टाकेल? मिठाचा तुझ्या मशीनला काय उपयोग?

मीठ आणि मोहरी एकत्र कशाला लागतात हे आपल्या घरात कुणी करत नसलं तरी माहीत सगळ्यांना आहे. नजर काढायला. हे लक्षात आलं आणि पहिला संशय गेला, पण दुसरा त्याच्याहून वाईट येऊन बसला. ही चिमूट नक्की कुणासाठी होती? पुड्या तुझ्या हातात जाणार होत्या. तुझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून टाकली, की तुझी नजर त्यांच्या पोराला बाधू नये म्हणून? ज्या घरातून वर्षभर कुणी आलं नाही, त्या घराबद्दल मला दुसरंच खरं वाटलं. बाबांना सांगितलं नाही, तुलाही नाही. ताजी झाडं आणायची आहेत असं वीरेंद्रला कळवलं आणि तुमसरहून बपेऱ्याची बस धरली.

बाबूलालजी गोंदियाला माल आणायला गेले होते. दुकानात नोकर होता. वीरेंद्रने मला मागच्या दाराने बांधीत नेलं. तिथे लाखोळीच्या पिकाच्या कडेला रानमोहरी होती, मी एक पान तोडून चावलं आणि मला त्यात नवं काही लागलं नाही. जिभेवर शास्त्र चालत नाही हे मला माहीत आहे, तू हसू नकोस. वीरेंद्र खूप वाळला आहे. डोळ्यांखाली काळं आलं आहे, तुझ्याबद्दल एक शब्द बोलला नाही. झाडं उपटायला मी त्याला मुद्दाम दूरच्या धुऱ्यावर पाठवलं आणि त्याच्या आईपाशी जाऊन बसले.

पंचफुलाबाई पडवीत पुड्या बांधत होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर, हात बोलताना थांबत नाहीत. मी आडून आडून विचारायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी मला आडोसाच ठेवला नाही. मी म्हटलं, झाडांच्या पुड्या छान बांधल्या होत्या, कुणी बांधल्या? "मीच बांधल्या. पोराले कुठं येते? त्याच्या हातानं चार कोसात सुटली असती." मी म्हटलं, त्यात मीठ-मोहरी निघाली. त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. "हो, टाकली ना. पोरीच्या हाती जाऊन राहिलं होतं. एवढ्या दूरचा रस्ता. नजर लागते, मॅडम." आणि पुढची पुडी घेतली. आपल्या एका चिमटीने पुण्यात काय उलथापालथ झाली याची त्या बाईला गंधवार्ता नव्हती.

मग मी जे विचारायला एवढ्या दूर गेले होते ते विचारलं. कुणाची नजर? माझा आवाज कडक झाला असावा, कारण त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. त्यांनी दुकानाकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि हळू म्हणाल्या, "माह्याच घरच्यायची. जेठानी बोलते, दीर बोलते. तुमच्या पोरीले पाह्यलं नाई अन् तिच्या नावानं बोटं मोडून राहिले. तुमच्या घरी यायचं म्हणलं तं मालक म्हणते, भावाले इचारल्याबिगर जाता येत नाई. माह्या हातात काय हाये? दुकानातली मोहरी हाये. ते टाकली."

तृप्ती, तुला माहीत आहे, बावीस प्रतिज्ञा घरात लावलेली बाई मी. नजर-बिजर म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात. त्या वेळी आठी आली नाही. त्या बाईची माया मला कळली, आणि तिचा रागही आला, की चिमूट टाकायचं धाडस आहे तर त्या जेठानीपुढे, थोरल्या जावेपुढे, तोंड उघडायचं का नाही? दोन्ही एकदमच वाटलं. मग त्याच म्हणाल्या, "पोरानंबी मले हेच इचारलं. मांगं एक दिवस फोन आला त्याले पुण्याहून. मंग इचारते, माय, पुडीत काई टाकलं का? सांगतलं मी. तं जेवलाबी नाई त्या दिवशी. काई बिघडलं का मॅडम? झाडं खराब झाली काय?" मी म्हटलं, नाही, काही बिघडलं नाही. हे मी कसं म्हटलं, मला अजून कळत नाही.

म्हणजे त्याला सारं माहीत होतं. तुला एका वाक्यात सांगून तो मोकळा झाला असता. ते वाक्य त्याने का गिळलं याचा मी बसस्टॉपपर्यंत विचार केला. मागच्या वर्षी तो आपल्याकडे आला होता, तेव्हा त्यांच्या दुकानाच्या दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीवरून तू आणि मी त्याची किती थट्टा केली ते आठव. तो हसला होता आपल्याबरोबर. आता तेच हसू आपण त्याच्या आईला हसलो असतो. तेही सून म्हणून येणाऱ्या मुलीने हसायचं, पहिल्या भेटीच्याही आधी. हा माझा अंदाज आहे. तपासून पाहायचा म्हणून बसची वाट पाहताना मी त्याला सरळ विचारलं, पुडीत मोहरी कशी आली? त्याने माझ्याकडे न पाहता सांगितलं, "मॅडम, चूक माझीच हाये. मी पुड्या दुकानात बांधल्या. गल्ल्यापाशी सांडली असल, मले दिसली नाई." मी म्हटलं, आणि मीठ? "तेही सांडलं असल."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. याला लबाड म्हणणारी मी, मला माझ्याच डोळ्यांची लाज वाटली. पण लगेच विरघळले असं समजू नकोस. जो आईसाठी तुझ्याशी खोटं बोलतो तो उद्या त्या थोरल्या काकूसाठीही बोलेल का, हा प्रश्न मी मनात ठेवला आहे, आणि तूही ठेव. त्याचे वडील भावाच्या परवानगीची वाट किती वर्षं बघणार, हाही. वाईट माणूस नाही एवढंच मी खात्रीने सांगते, बाकीची खात्री तुझी तूच करायची आहे.

आता निबंधाचं. बपेऱ्याची रानमोहरी साधी रानमोहरी आहे. परिषदेला पाठवलेला सारांश तुला परत घ्यावा लागेल आणि तुझ्या गाईडना कारणही द्यावं लागेल. तुझं पहिलं संशोधन, तू किती रात्री त्या मशीनपुढे बसलीस हे मला माहीत आहे, माझाही जीव तुटतो. पण नसलेली जात तुझ्या नावाने छापून यावी असं मला चालणार नाही, आणि तुलाही चालणार नाही. गाईडना "नमुन्यात बाहेरची मोहरी मिसळली होती" एवढं सांग, ते खरं आहे. कुणी मिसळली ते त्यांना कळायची गरज नाही.

आणि हे पत्र आजच लिहायचं कारण. येत्या शनिवारी वीरेंद्र पुण्याला येतो आहे. तू ताजी झाडं मागवली आहेस, असं मी त्याला सांगितलं. तू मागवली नाहीस, मला माहीत आहे. या वयात मीही एक खोटं बोलले. झाडं त्याने उपटली असली तरी निवडून पुड्या मी बांधल्या आहेत आणि वर चिकटपट्टी लावली आहे. तो तुझ्यासमोर उभा राहील आणि म्हणेल की चूक माझीच झाली, दुकानात सांडली असेल. आईचं नाव तो घेणार नाही. मी तुला जन्मभर शिकवलं की खोटं दिसलं की तिथल्या तिथे धरायचं. हे एक धरू नकोस. त्याला ते पूर्ण बोलू दे, मान हलव, आणि त्याच्या आईचा मान त्याच्याजवळच राहू दे. मग त्याला हो म्हण की नाही म्हण, मी विचारणार नाही. पण नाही म्हणशील तर तुझ्या कारणाने म्हण, माझ्या संशयाने नको.

तुझीच,
अजून पुरती न सुधारलेली,
आई